मधला भात

केटररला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, किती पानं? मग व्हेज का नॉनव्हेज, मग गोड काय. गेल्या महिन्यात इथे नाशिकला जावेच्या मुलाच्या मुंजीसाठी मी असाच एक फोन लावला. त्या गृहस्थांनी ‘किती पानं?’ म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अहो, पानांचं राहू द्या, लोक जेवणार किती वाजता ते नाही विचारलंत?’ बाई जरा विचित्र दिसतेय, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे. शकूताईंच्या किचनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला दुसरा प्रश्न पहिला सुचतच नाही.

शकूताईंचं किचन वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीच्या मागच्या अंगाला एका गाळ्यात. त्या राहायच्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर. माझ्या सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती तेव्हा जवळच्या जवळ ऑर्डर द्यावी म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, लोक जेवणार कधी? मी म्हटलं, सातपासून सुरू करू, येतील तसे जेवतील, अकरापर्यंत चालेल. तर म्हणे, मग मला नाही जमणार. मी चाटच पडले. ‘येतील तसे लोक येतात,’ त्या म्हणाल्या, ‘चिकन थांबत नाही.’ शेवटी दोन वेळा दोन खेपा पाठवायच्या, असं ठरलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, काय पण नखरा आहे बाईंचा, जसं काही आपण लग्नाचा हॉल घेतलाय.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी दोनदा भांडले. एकदा दुसरी खेप उशिरा आली म्हणून, आणि एकदा पहिल्या खेपेतलं उरलेलं चिकन त्यांनी बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवायला लावलं म्हणून. पाहुणे निघून गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता ऐकवणार. तर म्हणाल्या, ‘तू भांडतेस छान. माझे फोन घेशील का?’ आणि मी घेतले की. शाळेतली क्लार्कची नोकरी सोडून घरी बसल्यामुळे मी तशीही कंटाळलेच होते.

शकूताई मूळच्या वसई पश्चिमेच्या, वटार गावच्या. वाडीवाले लोक, केळी, नागवेली, फुलं. लहानपणापासून पहाटे उठून पानं खुडायची सवय, त्यामुळे उशिरापर्यंत झोपणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात कायम थोडा संशय असायचा. लग्न होऊन त्या पूर्वेला आल्या आणि अंधेरीकडे एका मोठ्या किचनमध्ये कामाला लागल्या. तिथे विमानात जाणारं जेवण बनायचं. साध्या पॅकिंगपासून सुरुवात करून त्या तिथे सुपरवायझर झाल्या. विमानात जेवण बिघडलं तर उतरून डॉक्टरकडे जाता येत नाही, एवढं एक वाक्य त्यांना तिथे पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. बाकीचं सगळं त्या एका वाक्यातून आपोआप येतं, असं त्यांचं म्हणणं. नोकरी सोडून स्वतःचं किचन टाकलं तेव्हा त्यांनी तिथली शिस्त जशीच्या तशी उचलून आणली, फक्त इंग्रजी तिथेच ठेवलं.

बुटक्या, रुंद, पांढरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मंगळसूत्र आत, वर सेफ्टी पिन. हाताला कायम साबणाचा वास. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची मागची बाजू काळपट आणि जाड झालेली, कारण येता जाता प्रत्येक टोपाला, पातेल्याला, डब्याला त्या बोट लावून बघायच्या. काटा नव्हता असं नाही. तापमान बघायचा काटा गळ्यात लटकवलेला असायचा आणि खरा निर्णय तोच द्यायचा. पण काटा काढण्याआधी बोट जायचंच, सवयीने.

एका शब्दावर त्यांचा भयंकर राग होता. कोमट. ‘एक तर चटका बसू दे, नाहीतर थंडी वाजू दे,’ त्या म्हणायच्या, ‘कोमट माझ्याकडे चालत नाही.’ रोगाचे किडे आपल्यासारखेच असतात, त्यांना ना उन्हाचा ताव सोसत ना बर्फ, त्यांना मे महिन्यातली सावली आवडते, असं त्या नव्या मुलींना समजावायच्या. साठ अंशांच्या वर ठेवा, नाहीतर फ्रीजमध्ये घाला, मधे घुटमळू नका. हे त्यांच्या घरीसुद्धा चालायचं. त्यांचे यजमान बिचारे चहा गॅसजवळ उभ्या उभ्याच प्यायचे. कप घेऊन पेपर वाचायला बसले आणि चहा जरा निवला, की शकूताई तो बेसिनमध्ये ओतून मोकळ्या. चहाला काय होतंय, असं मी एकदा म्हटलं, तर चहाला काही होत नाही, मला होतं, असं उत्तर मिळालं.

आणि दुसरा शब्द, मधे. टोप केवढाही असो, वर किती का वाफ येत असेना, त्यांचा प्रश्न एकच, मधे काय आहे? कडेने उकळी फुटलेली असते, वरून तर्री झकास दिसते आणि मधोमध चिकनचा तुकडा हाडाशी लाल असतो. निवताना नेमकं उलटं. वरून गार लागतं आणि मधे तासन् तास ऊब धरून राहते. म्हणून भात निववायचा तर तो मोठ्या परातींमध्ये पातळ पसरायचा, वर पंखा लावायचा आणि लगेच फ्रीजमध्ये. टोपात ठेवून झाकण लावलेला भात त्यांना दिसला तर त्या दिवशी गाळ्यात कुणी मोठ्याने श्वास घेत नसे.

गाळ्याच्या दारात भिंतीला खिळ्यांची एक रांग होती. अंगठ्या, बांगड्या, घड्याळं, हातातले गंडेदोरे, सगळं तिथे. गंडेदोऱ्यावरून सुरुवातीला कुरबुर व्हायची. मग त्यांनी एका खिळ्यावर छोटं हळद-कुंकू लावून ठेवलं आणि म्हणाल्या, हा देवाचा खिळा, इथे टांगलेला दोरा तुटत नाही. कुरबुर थांबली. पण एकदा पोळ्यांसाठी एक नवं लग्न झालेली मुलगी आली, कोपरापर्यंत हिरवा चुडा. तो कसा उतरवणार? सासू जीव घेईल. दुसऱ्या कुणी तिला परत पाठवलं असतं किंवा राहू दे म्हटलं असतं. शकूताईंनी तिला डाळ-तांदळाच्या कोठीत बसवलं. चुडा उतरेपर्यंत निवडण-टिपण कर, कणकेला हात लावायचा नाही, दिवसाचा रोज पोळीवालीचाच मिळेल. मुलीला ते पटलंच, पण चार दिवसांनी सासू स्वतः येऊन बघून गेली आणि जाताना मेथीच्या जुड्या देऊन गेली.

आजारी माणसाबद्दलही असंच. पोट बिघडलंय, उलट्या होतायत, बोट कापलंय, असं जो आपणहून सांगेल त्याला पूर्ण रोज देऊन घरी पाठवायचं. सांगेल त्याला शिक्षा केली तर उद्या कुणी सांगणार नाही, हे त्यांचं साधं गणित. मी म्हटलं, फसवतील हो तुम्हाला. फसवू देत, त्या म्हणाल्या, एखाद्याच्या खोट्या पोटदुखीने माझ्या पंगतीतलं कुणी आजारी पडत नाही.

मुख्य आचारी भरत. खाडीकडच्या गावचा, भातशेतीवाल्यांतला, उंच, तिरसट आणि हाताला विलक्षण चव असलेला. शकूताईंना तो ताई म्हणायचा आणि एकेरी बोलायचा, त्यांच्याकडे तशीच पद्धत. काट्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याच्या आज्याने आयुष्यभर हाताच्या पाठीवर रस्सा ओळखला होता. शकूताई म्हणायच्या, ओळख ना, कोण नको म्हणतंय, पण नंतर काटा घाल. आणि काटा जे सांगेल ते समोरच्या पांढऱ्या लाद्यांवर मार्करने लिही, वेळ घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

एक दिवस वांधा झाला. मटण शिजत होतं, भरत म्हणत होता झालंय, काटा म्हणत होता नाही. शकूताई काट्याच्या बाजूने. आणखी शिजव, आणखी शिजव, करता करता मटणाचे धागे सुटायला लागले आणि काटा अजून वर चढायला तयार नाही. तिकडे हॉलवरून माझ्या फोनवर फोन. भरतने ओगराळं खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘ताई, तुझा काटा खोटा बोलतोय. बर्फाच्या पान्यात बुडव.’

बुडवला. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवं होतं, तो शून्याच्याही पार खाली उतरून बसला होता. म्हणजे मटणाचंही तो तेवढंच कमी सांगत होता. मी शकूताईंच्या तोंडाकडे बघत होते, मला वाटलं आता ही बाई सारवासारव करणार. त्यांनी सगळ्या बायकांना, पोरांना गॅस बारीक करून गोल उभं केलं आणि सांगितलं की आज भरत बरोबर होता, मी चुकले. काटा रोज सकाळी बर्फात बुडवून तपासायला हवा होता, तो मी तपासला नाही. उद्यापासून तपासायचा, आणि तो भरतने तपासायचा. झालं. मटण त्या दिवशी चमच्याने खावं इतकं मऊ गेलं आणि हॉलवाल्यांनी उलट कौतुक केलं, ते वेगळं. भरत पुढे कुणापेक्षाही जास्त काट्याचा माणूस झाला. बर्फाचं भांडं तो स्वतः घरून आणायचा.

आता ते लग्न. हे सांगितल्याशिवाय शकूताई पुऱ्या होत नाहीत.

वटारला शकूताईंचे थोरले भाऊ, त्यांना सगळे दादाच म्हणायचे. वाडी तेच बघायचे. शकूताईंचं माहेर म्हणजे हे दादा. आई-वडील गेल्यावर भाऊबीज, गणपती, आंबे, लोणचं, सगळं तिथून. किचनला लागणारी केळीची पानं दादांच्याच वाडीतली. आठवड्यातून दोनदा टेम्पोत ओल्या गोणपाटात गुंडाळून यायची आणि शकूताई ती सोडताना उगाचच एकदा नाकाशी न्यायच्या. दादांचा फोन आला की त्यांची बोलीच बदलायची, घरची भाषा सुरू व्हायची, मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण आवाज कळायचा. आमच्याशी बोलताना असतो तो पोलिसी आवाज कुठल्या कुठे जायचा.

दादांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. जेवण अर्थातच आत्याच्या किचनचं. मे महिना, वाडीतच मांडव. त्या घराची एक रीत होती. लग्नाची पंगत झाली की आळीत जी माणसं येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी वाटा पाठवायचा. अंथरुणाला खिळलेले म्हातारे, बाळंतिणी, आजारी. शकूताईंच्या आईने ही रीत घातली होती आणि वाट्यात जायचा तो लग्नाच्या पंगतीतलाच भात. वेगळा शिजवलेला नाही. पंगतीतला.

आईच्या वेळी माणसं थोडी. पंगत उठली की ती पदर खोचून निघायची, भात अजून वाफाळत असायचा. आता कसं झालं होतं, पंगतींवर पंगती, मग फोटो, मग पुन्हा फोटो, मग ड्रोनवाला. वाटा सरकत सरकत संध्याकाळवर गेला होता आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. सकाळचा भात मोठ्या टोपलीत केळीची पानं अंथरून रचायचा, वर पुन्हा पानं, वर धुवट पंचा, आणि पडवीत ठेवून द्यायचा. इकडे बोट लावावं तर संध्याकाळीही ऊबदार. लोक म्हणायचे, बघा, आपल्या पानांची कमाल.

शकूताईंनी दादांना आधीच सांगून ठेवलं होतं, वाट्याचा भात मी संध्याकाळी ताजा टाकीन. दादा हो म्हणाले. पण हो म्हणणं वेगळं आणि आईची रीत मोडणं वेगळं. पाठवणीची वेळ झाली तेव्हा मी पडवीत पत्रावळींचा हिशेब लावत होते. शकूताई आत आल्या आणि कोपऱ्यातल्या टोपलीपाशी थांबल्या. दादा मागोमाग आले. जरा ओशाळलेले, पण खुशीतसुद्धा. म्हणाले, अगं राहू दे शकू, हात लावून बघ, अजून गरम आहे.

त्यांनी पंचा बाजूला केला, पानं बाजूला केली आणि हात मनगटापर्यंत आत घातला, थेट मधोमध. मग काटा घातला, तो साठच्या बराच खाली थांबला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. रागावलेल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. भातात असे जीव असतात की ते शिजवताना मेले तरी त्यांचं बी तग धरून राहतं आणि ऊब मिळाली की पुन्हा उठतं. हे आम्हाला त्या शंभर वेळा सांगून चुकल्या होत्या. आणि त्यांनी एकदा विष टाकलं की भात पुन्हा तापवून उपयोग नाही, जीव मरतात, विष मरत नाही.

त्यांनी भरतला हाक मारली. दोघांनी टोपली उचलली, मांडवाच्या मागून नेली, उकिरड्याच्या खड्ड्यात पालथी केली. आणि मग शकूताईंनी फिनेलची बाटली आणून सगळ्या भातावर ओतली.

खरं सांगते, मला तेव्हा त्यांचा राग आला. टाकायचा तर टाका, पण फिनेल? मुलगी अजून दारात उभी आहे, डोळ्यात पाणी आहे, आणि तुम्ही लग्नाच्या अन्नावर फिनेल ओतता? किचनमध्ये आमचा तो नियम होता, टाकलेलं अन्न कुणी परत उचलू नये म्हणून. पण ते किचन होतं आणि हे माहेर होतं. कोपऱ्यात चार बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. दादा खड्ड्याच्या काठाशी आले. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘आईच्या भातावर फिनेल ओतलंस,’ ते म्हणाले. ‘आता या घरात तुझं पान नाही.’

शकूताई वळल्या. भरतला म्हणाल्या, चूल पेटव. मुलीची गाडी गेली, मांडव रिकामा झाला, आणि त्या मागे ताजा भात टाकत उभ्या राहिल्या. झाला तसा तो लहान लहान डब्यांत भरला आणि आळीतल्या एकेका घरी स्वतः जाऊन देऊन आल्या. मी डबे धरून बरोबर होते. शेवटचं घर त्यांच्या आत्याचं, जाईआत्या, अंथरुणावर पडून असायच्या. त्यांना शकूताईंनी चार घास भरवले. मग आम्ही टेम्पोत बसून पूर्वेला आलो.

पुढे पानं यायची बंद झाली. आम्ही बाजारातून घ्यायला लागलो. ती पानं शकूताई नाकाशी न्यायच्या नाहीत, नुसती धुवायला टाकायच्या. भाऊबीजेला त्या मुद्दाम मोठी ऑर्डर घ्यायच्या आणि दिवसभर उभ्या असायच्या. गणपतीत त्यांनी दादांना फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. त्या मोबाईल अॅप्रनच्या खिशात ठेवून पुन्हा कांदा बघायला गेल्या. वटारचं कुणी भेटलं की ते हसत हसत म्हणायचं, काय हो, फिनेलवाल्या ना तुम्ही? त्याही हसायच्या. मग घरी जाताना जिन्यात मधेच थांबायच्या, गुडघ्याचं निमित्त करून.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? कुणालाच काही झालं नव्हतं. तो भात कुणी खाल्लाच नाही, मग होणार काय. दादांच्या बाजूने बोलणारे विचारायचे, दाखवा ना, काय बिघडलं होतं त्यात? आणि शकूताईंकडे दाखवायला काही नव्हतं. आमच्या धंद्यात सगळं नीट केलं की शेवटी हातात काहीच उरत नाही, नुसती माणसं घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातात. त्याला पुरावा कोण म्हणणार?

एकदा धीर करून मी विचारलं, तो भात चांगलाही असू शकला असता ना?

‘असेलही,’ त्या म्हणाल्या. ‘चांगलाच असेल.’

‘मग?’

‘मग काय. मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बाळंतिणीच्या घरी पाठवायचा?’ मग म्हणाल्या, ‘फिनेल ओतायला नको होतं. राख टाकली असती तरी चाललं असतं.’ त्या प्रकरणावर इतक्या वर्षांत त्या एवढंच बोलल्या. हट्टी होत्याच. राख टाकली असती हे त्यांनी दादांना कधी सांगितलं असतं तर कदाचित लवकर मिटलं असतं, पण ते सांगायला दादांनी फोन तर उचलायला हवा ना.

आणि काही वर्षांनी एक दिवस दुपारी दादाच गाळ्याच्या दारात उभे. पांढरा लेंगा-सदरा, हातात छत्री. चपला काढून टोपी घातल्याशिवाय आत यायचं नाही ही पाटी त्यांनी वाचली आणि ते उंबऱ्याबाहेरच थांबले. चपला काढेनात, आत येईनात. शकूताई आत डाळीच्या टोपापाशी, पाठमोऱ्या. त्यांना कळलं होतं. मला कसं कळलं तर त्यांचं ढवळणं थांबलं.

दादा माझ्याकडे बघून म्हणाले, धाकटीचं लग्न आहे, त्यांना विचारा जेवणाचं जमेल का. आता दोघांत दहा पावलांचं अंतर, सगळं स्वच्छ ऐकू जातंय, आणि मधे मी, टेलिफोनसारखी. मी आत वळून म्हटलं, जमेल का विचारतायत. आतून आलं, त्यांना विचार लोक जेवणार किती वाजता. मी बाहेर सांगितलं. दादा म्हणाले, दोन वेळा. दुपारी पंगत आणि संध्याकाळी वाटा.

भरतने गॅस बारीक केला.

दादांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग माझ्याशीच बोलल्यासारखं, पण जरा मोठ्याने म्हणाले, जाईआत्या रोज त्या वर्षीच्या वाट्याचं काढते. म्हणते, इतक्या लग्नांचे वाटे आले, पण वाफ येणारा तो एकच. आईच्या हातचा यायचा तसा. तिला मरायच्या आधी तसला भात पुन्हा हवाय. ‘मी म्हटलं तिला, आईच्या वेळी लगेच जायचा, म्हणून गरम असायचा. तर म्हणाली, एवढं कळतंय तर पोरीला का घालवलीस.’ दादांनी आत नजर टाकली. ‘तेव्हा सांगा त्यांना, संध्याकाळचा भात संध्याकाळीच शिजेल.’

मी आत वळले. सांगायची गरज नव्हती तरी सांगितलं, संध्याकाळचा भात संध्याकाळीच शिजेल म्हणतायत. शकूताईंनी टोपी आणखी खाली ओढली. म्हणाल्या, पानं त्यांच्याच वाडीतली लागतील. बस. दादा मान हलवून निघून गेले. त्या दिवशीची डाळ खारट झाली होती, पण भरतनेही काही म्हटलं नाही, त्याने गुपचूप ती वाढवून सारखी केली.

धाकटीच्या लग्नात सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दोघं एकमेकांशी बोलत मात्र नव्हते. निरोप माझ्यामार्फत, नाहीतर भरतमार्फत. संध्याकाळी ताजा भात उतरला, डबे भरले, या वेळी ते घेऊन दादांचा मुलगा आणि नवा जावई गेले. जाईआत्यांकडे दादा स्वतः गेले आणि बऱ्याच वेळाने आले.

शकूताई स्वतःच्या कामात कधी पंगतीला बसत नसत. सगळं आवरलं की मागे उभ्या उभ्या चार घास खायच्या, तेही बोट लावून, काटा बघून. त्या दिवशी त्या मागे टोप मोजत होत्या तेव्हा वहिनी आल्या आणि हाताला धरून त्यांना पडवीत घेऊन गेल्या. जिथे ती टोपली होती त्याच कोपऱ्यात पाट मांडला होता. पुढे पान, अख्खं, शेंड्याचं, नुकतं कापून धुतलेलं. दुसरं कुणाचंच पान नव्हतं. शकूताई उभ्याच राहिल्या. मग टोपी काढली. त्यांचे केस इतके पिकलेत हे मी पहिल्यांदा बघितलं.

त्या बसल्या. दादा आतून टोप घेऊन आले, फडक्याने दोन्ही कान धरून. टोप खाली ठेवला, झाकण काढलं, आणि वरचा भात त्यांनी वाढला नाही. भातवाढणी टोपात उभी खुपसली, अगदी खोल, मधोमध, आणि भरून वर काढली. वाफ दोघांच्या मधे उभी राहिली.

‘मधला आहे,’ दादा म्हणाले.

महिनाभरात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकला आलो. किचन अजून चालू आहे, फोन आता त्या मेथीवाल्या सासूची सून घेते. शकूताईंशी फोनवर बोलणं होतं, पण डोळ्यांसमोर येतात त्या मात्र तिथल्याच, पडवीतल्या, पाटावर बसलेल्या. पानावर भात पडला आणि मी सवयीने त्यांच्या बोटाकडे बघत राहिले. काटा गळ्यात होता. त्यांनी काट्याला हात लावला नाही. बोटही लावलं नाही. घास उचलला आणि सरळ तोंडात घातला. डोळ्यांत टचकन पाणी आलं, तोंड उघडून त्यांनी दोनदा फू फू केलं, आणि मग त्यांच्या त्या घरच्या आवाजात, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दादांकडे बघून म्हणाल्या,

‘भाजलं रे, दादा.’